नात्याचा रकाना

गाठ पहिल्यांदा नूपुरच्या हाताला लागली, ऐन रमजानात, आणि तेव्हापासून आसावरी ती नाहीच असं समजून वागत होती. दोघीही रियाधच्या एकाच इस्पितळात नर्स. दुसऱ्यांना सुया टोचण्यात अर्धा जन्म गेला, पण स्वतः डॉक्टरकडे जायचं म्हटलं की आसावरी टाळाटाळ करायची.

त्यालाही कारण होतं. सहा वर्षांपूर्वी पोटात दुखतं म्हणून ती स्टाफ क्लिनिकला गेली होती. लग्न? नाही. का नाही? वय निघून चाललं, कळतंय का? तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोटाला हातही न लावता झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या, आणि वर आपल्या पुतण्याचा फोन नंबर दिला. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट सगळ्या क्वार्टर्सला ठाऊक. अशा चौकश्यांनी माणूस रोगाआधी मरतं. आसावरीने त्या दिवसापासून क्लिनिकला रामराम ठोकला.

क्वार्टर्समध्ये त्या मावसबहिणी म्हणून राहत होत्या. नऊ वर्षं. बाई आणि बुवा एका खोलीत राहिले असते तर लग्नाचा कागद मागितला असता. दोन बायकांना कुणी काही विचारत नाही, उलट शहाण्या मुली म्हणून पाठ थोपटतात. पण खरं बाहेर पडलं, तर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना रद्द, परतीची दोन तिकिटं आणि खलास. त्याहून वाईटही होऊ शकलं असतं. हे दोघींना पक्कं माहीत होतं.

बकरी ईद उलटली तेव्हा नूपुरचा धीर सुटला. "तुझी मावशी ह्याच दुखण्याने गेली. आता चालत येतेस की व्हीलचेअर आणू?" असं म्हणून तिने आसावरीला सर्जन डॉ. अफशाँपुढे नेऊन बसवलं. डॉ. अफशाँ दापोलीकडच्या. मराठी बोलणारी डॉक्टर मिळाली याचा आनंद मानावा की धास्ती घ्यावी, हे नूपुरला कळेना. आपल्या माणसांच्या तोंडाला कुलूप नसतं.

"गाठ कधी लक्षात आली गो?" डॉक्टरांनी विचारलं.

"पंधरा दिवस झाले," आसावरी म्हणाली. "आंघोळ करताना."

"तेव्हा केवढी होती?"

"एवढीच."

नूपुर भिंतीशी उभी होती. पंधरा दिवस म्हटलं, तर गाठ वाढतेय हे डॉक्टरांना कळणार कसं? डॉक्टरपाशी खोटं बोलू नका म्हणून तिने आजवर शेकडो पेशंट दटावले होते. आणि आता आपल्याच माणसाचा जीव एका थापेवर टांगायचा? ती घाबरली होती. मग त्या भीतीचाच तिला संताप आला.

"तीन महिने झाले, डॉक्टर," ती म्हणाली. "रमजानात हरभऱ्याएवढी होती, आता सुपारीएवढी आहे. तिला नाही, मला लागली. माझ्या हाताला."

आसावरीने डोळे मिटून घेतले. डॉ. अफशाँचं पेन थांबलं. त्यांनी आधी एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे.

"सरकते की घट्ट आहे?" त्यांनी नूपुरलाच विचारलं.

"आधी सरकायची. या महिन्यात घट्ट झालीय."

"मग हे आधी सांगायचं." त्यांनी पंधरा दिवसांवर एक सरळ रेघ मारली, तीन महिने लिहिलं आणि शेजारी सही केली. "कुणाला सापडली, याला माझ्या कागदात रकाना नाही. आज बायोप्सी. आणि पुढच्या वेळी तू पण ये. हिच्या बोलण्यावर माझा भरवसा नाही."

रिपोर्ट वाईट आला, पण वेळेत आला. ऑपरेशनची तारीख पडली, आणि मग मध्ये आल्या नर्सिंगच्या मुख्य, दमयंती मॅडम. ऑपरेशननंतर पेशंटजवळ एक माणूस राहतं, त्याला इथे मुराफिक म्हणतात. त्याचं कार्ड मॅडमच्या शिक्क्याशिवाय निघत नाही.

"कार्ड उमाकांतच्या नावाने करतेय," मॅडम म्हणाल्या. उमाकांत हा आसावरीचा भाऊ, सौदीतच रास तनुऱ्याला कामाला. "फोन आला होता त्याचा. नंतर तिला कायमची सांगलीला नेणार म्हणतो. बरंच झालं. तू आपली ड्यूटी कर."

नूपुरने फॉर्म वाचला, आणि कित्येक दिवसांनी तिला हसू आलं. "मॅडम, महिलांचा वॉर्ड आहे. रात्री पुरुषाला आपण दारातही उभं करत नाही. मागच्या महिन्यात तुम्हीच एका म्हाताऱ्याला बायकोजवळून उठवलंत."

ज्या नियमाच्या जोरावर मॅडमनी इतकी वर्षं दरडावलं, तोच आडवा आला होता.

"मग आई?"

"आई नाही तिला."

"वहिनी?"

"उमाकांतचं लग्न झालेलं नाही. त्याला कुणी पुतणीचा नंबर देत नाही."

"तुझं नातं काय लिहायचं? मावसबहीण चालणार नाही, सख्खं लागतं."

मावसबहीण या शब्दाचा नूपुरला वीट आला होता. तिने उमाकांतचं नाव खोडलं, आपलं घातलं, आणि नात्याच्या रकान्यात इंग्रजीत लिहिलं: नऊ वर्षं, एकाच घरात.

"हे काय नातं झालं?"

"विचारा ना, मॅडम. सांगायची माझी तयारी आहे. ऐकायची तुमची आहे का?"

मॅडमनी फॉर्मकडे पाहिलं, मग उघड्या दाराकडे. ऐकलं असतं तर त्यावर काहीतरी करावं लागलं असतं. त्यांनी शिक्का मारला.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी दुपारी उमाकांत भेटीच्या वेळेत आला, संत्री ठेवली आणि सांगलीचा विषय काढला. आसावरीची छाती पट्ट्यांनी बांधलेली होती, आवाज जेमतेम फुटत होता. "इलाज इथे चाललाय," ती म्हणाली. "माझं माणूसही इथेच आहे." त्याने एक संत्रं सोलून तिच्या उशाशी ठेवलं आणि तो निघून गेला.

तो गेल्यावर आसावरीने नूपुरच्या गळ्यातलं मुराफिकचं कार्ड ओढून त्यावरचं नातं वाचलं.

"नऊ नाही," ती म्हणाली. "ईदलाच दहा पुरी झाली. तारखा खऱ्या सांगायच्या ठरलंय ना आपलं?"

नूपुरने खिशातून पेन काढलं, इस्पितळाच्या शिस्तीप्रमाणे नऊवर एक सरळ रेघ मारली, वर दहा लिहिलं आणि शेजारी सही केली.