शेंदराखालचा नंबर

मी गुणाजीच्या होडीचं डिझेल इंजिन बोलतोय. कानात बोटं घालू नका, आज हळू बोलतो.

जन्मलो कारखान्यात, पण माझं खरं आयुष्य सुरू झालं ते चौऱ्याऐंशी साली, रत्नागिरीच्या बंदरात. मोठ्या ट्रॉलरांनी किनाऱ्याजवळची मासळी झाडून नेली होती. शिडाच्या होडीला कालवणापुरतंही मिळेना. गुणाजी दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून जायच्या बेतात होता. तेवढ्यात सरकारची योजना आली. छोट्या मच्छीमाराला इंजिनासाठी निम्मं अनुदान! म्हणून मी त्याच्या होडीत चढलो.

नारळी पौर्णिमेला त्याच्या बायकोने, आवडाबाईने, माझी पूजा केली. बाईचा हात सढळ! तेलात कालवलेला शेंदूर तिने माझ्या कपाळावर असा थापला, की मी अर्धा मारुतीच झालो. मला भारी वाटलं. मिरवायला कोणाला आवडत नाही?

पण माझा नंबरही नेमका कपाळावर. तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "नंबर दिसल्याशिवाय अनुदान नाही, इंजिन परत जाईल. खरवडा तो शेंदूर."

गुणाजीने हात मागे घेतला. "सायेब, देवाच्या अंगाला लोखंड लावू? माज्यानं नाय व्हायचं."

साहेबांनी स्वतःच खिशातून किल्ली काढली, पुढे नेली आणि थबकले. तेही गुणाजीच्याच गावचे, वेळणेश्वरचे; देवाच्या शेंदराला किल्ली लावणार कशी?

माझं धाबं दणाणलं. मी गोदामात गंजलो असतो, ते एक सोडा. पण गुणाजी जन्मभर दुसऱ्याची जाळी ओढत बसला असता.

आवडाबाईने पदर खोचला. "खरवडायचा कशाला? थर जड झाला की देव आपणहून शेंदूर सोडतो. सुटला की समुद्रात पोचवायचा. अवो, हँडल मारा!"

गुणाजीने हँडल मारलं. मी खोकलो, मग जीव तोडून धडधडलो. अंग तापलं, तेल पाझरलं, शेंदराचा थर हलू लागला. तो पायदळी पडू नये म्हणून साहेबांनी घाईघाईने ओंजळ पुढे केली आणि अख्खा थर तिच्यात उतरला.

नंबर लख्ख दिसला. पण लिहिणार कसा? साहेबांचे दोन्ही हात अडकलेले! ते पायानेच बूट काढून होडीतल्या फळीवर बसले आणि म्हणाले, "चल गुणाजी, आधी हा पोचवू. नंबर कुठे पळतोय?"

त्याला पाच वर्षं झाली. माझा आवाज बसलाय, धूरही फार काढतो. गुणाजी मात्र अजून स्वतःच्याच होडीचा तांडेल आहे. आता मोठं इंजिन घे, असं लोक त्याला सांगतात. घेऊ दे, माझी ना नाही.

फक्त एवढं ऐक, गुणाजी. मी देव नव्हे, लोखंड आहे. पण त्या दिवशी मला हात जोडून तू हँडल धरलंस, तेव्हा घटकाभर तरी आपण देव व्हावं, असं मला मनापासून वाटलं होतं.