अर्धा अधिक एक तृतीयांश

सिस्टरांनी फळ्यावर अर्धा लिहिला, पुढे अधिकचं चिन्ह काढून एक तृतीयांश लिहिला आणि त्या वर्गाकडे वळल्या.

"आजचा धडा नवा आहे. घाबरायचं नाही. बेरीज कोण सांगतं?"

शेवटच्या बाकावर गुडघे कसेबसे कोंबून बसलेल्या मुख्याध्यापिकेनं फळ्यावरची बेरीज पुन्हा एकदा वाचली. वर्ग सातवीचा. ही बेरीज पोरांनी पाचवीतच पचवून टाकलेली. आणि सिस्टरांनी कालही हाच धडा शिकवला होता, परवाही. पालक काही उगीच तक्रार करत नव्हते.

मॉनिटर मुलगी उठली. "दोन पंचमांश, सिस्टर."

"चूक! तू सांग रे, चष्मेवाल्या."

"मलाही तेवढंच येतंय, सिस्टर."

हा चष्मेवाला म्हणजे गणितात अख्ख्या शाळेत पहिला! पण चेहरा असा भाबडा, जणू आकडे आजच बघतोय.

मग काय, सिस्टर खुलल्या. "अंशाच्या मागे काय धावता? आधी छेद सांभाळा!" म्हणत त्यांनी फळा भरून टाकला. या वाक्यापायीच पोरं त्यांना छेदबाई म्हणायची. दोन वेण्या घालून याच शाळेत शिकताना मुख्याध्यापिकाही म्हणायची. उत्तर आलं तसा वर्ग "अच्छा!" म्हणाला, जरा जास्तच एका सुरात.

तास संपल्यावर मॉनिटरनं मुख्याध्यापिकेला व्हरांड्यात गाठलं.

"मॅडम, अभ्यासक्रम मागे नाही पडलेला. पुढचे धडे आम्ही खेळाच्या तासाला करतो, चष्मेवाला शिकवतो. पण सिस्टरांना सांगू नका हं. त्यांना वाईट वाटेल."

सकाळी मुख्याध्यापिका सिस्टरांकडून वर्ग काढून घ्यायचं ठरवून आली होती. आता म्हटलं, मरू देत त्या तक्रारी. पालकांची बोलणी आपण खाऊ. या बाईला या वर्गाशिवाय दुसरं आहे तरी काय?

दुपारी शिक्षकांच्या खोलीत ती चहा घेऊन गेली. सिस्टर खिडकीपाशी बसल्या होत्या.

"वर्ग काढून घ्यायला आलीस ना?"

"छे हो. वर्ष संपेपर्यंत तुमचाच आहे."

"नको." सिस्टरांनी चहाला हातही लावला नाही. "माझं डोकं दगा देतंय, ते कळतं गं मला कधी कधी. त्याचं दुःख आहे, पण ते मी सोसेन. अगं, सातवीचा अख्खा वर्ग एवढी सोपी बेरीज चुकेल? पोरं मुद्दाम चुकतात, माझ्यासाठी. जन्मभर खरं बोला म्हणून शिकवलं आणि आता मीच त्यांना रोज खोटं बोलायला लावते. काढून घे वर्ग."

बोलता बोलता त्या रडल्या. मुख्याध्यापिकेनं त्यांचा हात धरला. तीही रडली.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाली आणि सातवीवर नवे सर गेले. थोड्याच वेळात कठड्याला धरून जिना चढत सिस्टर आल्या. दारातच थबकल्या.

"हे कोण माझ्या वर्गात?"

आत पोरांच्या माना खाली गेल्या. मुख्याध्यापिका धावत आली आणि त्यांना बाजूला घेऊन गेली. सर तुमच्या मदतीला आलेत, असं काहीबाही सांगता आलं असतं. ओठांवर आलंही होतं. पण कालचं बोलणं आठवलं आणि तिनं सगळं खरं सांगितलं, पोरं का चुकत होती तेसुद्धा.

सिस्टरांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. पहिल्यांदाच ऐकावं तसं त्यांनी ते ऐकलं आणि त्या पायरीवर बसल्या.

"माझ्यासाठी?"

"हो, सिस्टर."

मग डोळे पुसून त्या म्हणाल्या, "मग काढून घे गं वर्ग. नको हे असलं. पण एवढी मोठी गोष्ट! कालच का नाही सांगितलीस मला?"

मुख्याध्यापिका त्यांच्या शेजारी पायरीवर बसली.

"चुकलं माझं, सिस्टर," ती म्हणाली.