पाणी बदललं होतं

"तुमी व्हा पुढं, सायेब," भिवा म्हणाला आणि शिवडीच्या खाडीतल्या चिखलात तसाच उभा राहिला.

डॉक्टर रेगे पुढं झाले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चपला बगलेत. ह्या माणसाला पाठीमागं ठेवून चालायचं नाही, हे भिवानं दोन वर्षांपूर्वीच ठरवलं होतं.

परळच्या एका प्रयोगशाळेत भिवा बारा वर्षं अटेंडंट. माशांच्या टाक्या त्याच्याकडे. रोज सकाळी पाणी बदलायचं आणि टाकीवर खडूनं रेघ ओढायची, ही शिस्त त्याची स्वतःची. कुणी सांगितली नव्हती. दोन वर्षांपूर्वी रेग्यांकडे डासांवरच्या नव्या पावडरीची माशांवर तपासणी चालू होती, तेव्हा एका टाकीतले सगळे मासे पोट वर करून तरंगले. आठवड्यानं भिवाला मेमो आला, इंग्रजीत. चाळीतल्या रामदास मास्तरांनी तो वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला, आणि मग सांगितलं, "लिहिलंय, अटेंडंटच्या घाणेरड्या सवयींमुळे मासे मेले."

पावडर निर्दोष सुटली. भिवाची बढती गेली, त्याचं एवढं नव्हतं. पण घाणेरडा! बापाचा आख्खा जन्म हा शब्द ऐकण्यात गेला होता. आदल्याच वर्षी बौद्ध धम्माची दीक्षा घेताना भिवाला वाटलं होतं, सुटलो बाबा. आणि तोच शब्द रेगेसाहेबाच्या सहीनं टाइप होऊन आला.

आणि आता हाच माणूस म्हणतो, भिवा, रविवारी शिवडीला येशील का?

"जाऊ नका," त्याची बायको बकुळा म्हणाली होती. "गोड बोलतोय म्हंजे कायतरी काळंबेरं हाय. तुमी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्याला जाता, ते काढून घ्यायचं आसंल त्याला." भिवालाही तेच वाटत होतं.

चिखलावर निवट्या, ते बोटभर मासे, टणाटण उड्या मारत होते. गोदामांमागून येणारा नाला ओलांडला आणि सगळं गप्प झालं. इथं निवट्या मेलेल्या. तोंडं उघडी, कल्ले ताणलेले. भिवानं एक उचलली. तेच ते! टाकीतले मासे अगदी असेच होते. त्यानंच तर ते काढले होते.

डॉक्टर मटकन चिखलातच बसले.

"नाल्यात तीच पावडर मारतात," ते म्हणाले. "मी पास केलेली. वर्ष झालं, दर रविवारी येतोय. आधी मोजायला यायचो, आता नुसता बसतो. बगळेसुद्धा इथं उतरत नाहीत बघ. लॅबमध्ये डोळ्यांवर कातडं ओढता येतं रे. इथं नाही येत."

भिवानं मेलेली निवटी खाली टाकली. आता हा रडणार, आणि आपण त्याची समजूत काढायची, असा डाव दिसतोय.

"पाणी तू बदललं होतंस. खडूची रेघ मी पाहिली होती. मेमो लिहायच्या आधी."

"आन् तरी लिवलात?"

"कंपनीला घाई होती. मलाही. चुकलो मी."

"हितं चिखलात कोन ऐकतंय, सायेब? लिवून द्या."

डॉक्टरांनी वही काढली आणि दोन ओळी इंग्रजीत लिहिल्या.

"मराठीत. ह्या टायमाला मीच वाचनार."

डॉक्टरांनी पान फाडलं. नवीन घेतलं. "पूर्ण नाव काय तुझं?"

बारा वर्षं! "भिवा धोंडू गमरे."

कागद हातात आल्यावर भिवानं एकेक अक्षर वाचलं. मासे पावडरीने मेले. पाणी स्वच्छ होते. श्री. भिवा धोंडू गमरे यांनी ते रोज बदलले होते व हे मला माहीत होते.

"तारीख ऱ्हायली," तो म्हणाला. "आन् मोठ्या सायबाच्या टेबलावर ह्यो मी ठेवनार. तुमी नाय."

"माझी नोकरी जाईल, भिवा."

"जाईल," भिवा म्हणाला.

डॉक्टरांनी तारीख घातली.

सोमवारी सकाळी मोठा साहेब यायच्या आत भिवानं कागद टेबलावर ठेवला आणि तो टाक्यांकडे गेला. मेमोतल्या त्या टाकीत दोन वर्षं मासे नव्हते. तरी त्यानं ती घासली, नवं पाणी भरलं, खडूची रेघ ओढली.

डॉक्टर रेगे आत येऊन त्याच्या पाठीशी उभे राहिले. पावलं भिवानं ओळखली. तो वळला नाही. पुढच्या टाकीचं पाणी काढू लागला.