सलग वाक्य

चंद्राला ग्रहण लागलं आणि निनवेच्या राजवाड्यात राजा बदलला. खरा राजा साध्या कपड्यांत बागेतल्या घरात जाऊन बसला. त्याला आता सगळ्यांनी ‘शेतकरी’ म्हणायचं, असा रिवाजच होता. गादीवर बसवलं इलनतनला, हर्रानकडच्या खऱ्याखुऱ्या माळ्याला, कैदेतून उचलून आणून. ग्रहणाने सांगितलेलं राजाचं मरण त्याने अंगावर घ्यायचं, मग त्याला मारायचं आणि शेतकऱ्याने पुन्हा राजा व्हायचं. हे इलनतनला अर्थातच कुणी सांगितलं नव्हतं. भारी वस्त्रं, मेंढीचं मटण आणि काम झालं की घरी जा, एवढंच त्याच्या कानावर घातलं होतं.

मरण अंगावर घ्यायचं म्हणजे सूर्यदेव शमाशसमोर एक वाक्य म्हणायचं, तेही अक्कदी भाषेत, कारण देवांना दुसरी चालत नाही. इथेच घोडं अडलं. शहरात जो तो आता अरामी बोलायचा. अक्कदी आणि अरामी एकाच आईच्या लेकी, पण थोरली देवळात आणि मातीच्या पाट्यांवर जाऊन बसली आणि बाजार धाकटीने सांभाळला. इलनतनला ठाऊक होती ती धाकटीच.

त्याला वाक्य पढवायचं काम इद्दीयाकडे आलं. पंडितांमध्ये सगळ्यात शुद्ध अक्कदी त्याची, आणि हे त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक होतं. कामात एक मेख होती. शमाशकडे तोंड करून जो ते वाक्य सलग म्हणेल, त्यालाच ते चिकटतं. म्हणून पढवणाऱ्याने खिडकीकडे पाठ करायची आणि वाक्य तुकड्यातुकड्याने द्यायचं. इद्दीया कित्येक दिवस तसंच करत आला होता.

पण इलनतन म्हणजे पालथा घडा. पहिला तुकडा जमला की तिसरा विसरायचा, तिसरा आठवला की मधला गिळायचा.

“गुरुजी, याचा अर्थ तरी काय?” त्याने अरामीत विचारलं.

“राजाला आशीर्वाद आहे. तू म्हण.”

इद्दीयाने नजर चुकवली. त्याला या माणसाची दया येत होती, पण तिच्यापायी स्वतःचा जीव धोक्यात घालायची त्याची तयारी नव्हती. दुपारी महापंडित मुशेझिब इलनतनला शमाशसमोर न्यायला येणार होते. वाक्य चुकलं तर मरण शेतकऱ्याच्या डोक्यावर तसंच राहणार आणि धडावेगळी होणार ती पंडितांची डोकी.

“ठेका सापडत नाही बघा,” इलनतन म्हणाला. “तुकड्यांनी गाणं येतं होय कुणाला?”

“गाणं नाहीये ते. पुन्हा म्हण.”

“तो दारावरचा शिपाई हसत होता काल. म्हणाला, निनवेत ती भाषा आता अख्खी कुणालाच येत नाही. पंडितसुद्धा चिंध्या जोडतात आणि अंगरखा म्हणून मिरवतात. मी म्हटलं, आमचे गुरुजी तसे नाहीत. पण गुरुजी, तुमच्या तोंडूनही सलग काही ऐकलं नाही मी अजून.”

इद्दीयाच्या कानशिलाची शीर ताडकन उडाली. चिंध्या! ज्या भाषेसाठी त्याने डोळे फोडून घेतले, तिची टिंगल एका शिपायाने करावी, आणि ती या माळ्याने ऐकवावी? भान विसरून तो गर्रकन खिडकीकडे वळला आणि त्याने ते वाक्य सलग, खणखणीत म्हटलं. ग्रहणाचं अरिष्ट माझ्यावर येवो, राजाचं मरण ते माझं मरण होवो. शेवटचा शब्द तोंडातून गेला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर ऊन होतं.

दारात मुशेझिब उभे होते.

“उत्तम,” ते हळूच म्हणाले. “एक अक्षर इकडचं तिकडे नाही.”

“स्वामी, ते यानेच म्हटलं,” इद्दीया घाईने म्हणाला.

“याने?” मुशेझिबनी माळ्याकडे पाहिलं. “हर्रानचे माळी असं बोलायला लागले, तर आपण सगळ्यांनी कुदळी घ्याव्यात.”

“मी शिकवत होतो, स्वामी. आता याच्याकडून म्हणवून घ्या, हवं तर मार देऊन.”

“देवाने जे ऐकलं ते ऐकलं. गादी एक आहे, इद्दीया. तिच्यावर दोघांना कसं बसवू?”

शिपाई आत आले. इलनतनच्या अंगावरचा झगा उतरला आणि इद्दीयाच्या अंगावर चढला. त्याने हात पुढे केले नाहीत, बाह्या शिपायांनीच चढवल्या. इलनतनला जायची मोकळीक मिळाली. दाराशी पोचून तो वळला आणि खाली वाकला. त्या वाकण्यात थट्टा नव्हती.

“तुला कळत होतं,” इद्दीया अरामीत म्हणाला. “कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून. तुम्ही खिडकीकडची पाठ वळवत नव्हता, वाक्य सलगही म्हणत नव्हता. बाकीचं नव्हतं कळत. एकच शब्द कळला.”

“कुठला?”

“मरण,” इलनतन म्हणाला. “तो तुमच्यात आणि आमच्यात एकच आहे, महाराज.”