दारापुढचे खडे

ओफेलियाने दुर्बीण डोळ्यांवरून काढली, काच पुसली आणि पुन्हा लावली. पेंग्विनचा तो नर आला होता. पंखावरची पट्टी तीच, उभं राहायची ऐट तीच. फक्त त्याच्या पायाखाली खड्यांचं घरटं नव्हतं. औषधालासुद्धा खडा नव्हता.

आजूबाजूचे पेंग्विन आपापल्या जुन्या खड्यांच्या ढिगावर ठाण मांडून बसलेले, आणि हा बिचारा उघड्या जमिनीवर गोल गोल फिरत होता.

खडे कुठे गेले ते दुपारी कळलं. स्वयंपाकघराच्या दारापुढचा बर्फ वितळला आणि खालून सुबक, गोल खड्यांची वाट निघाली. तिचा नवरा लेआंद्रो अंटार्क्टिकातल्या त्या संशोधन तळावरची यंत्रं सांभाळायचा. हाताला काम नसलं की त्याला असले उद्योग सुचत. गेल्या वर्षी थंडीच्या तोंडावर पक्षी समुद्रात गेले, त्यांच्या वसाहतीचा उतार ओसाड पडला, तेव्हा चिखलात कोणी घसरू नये म्हणून त्याने तिथले खडे उचलून आणले होते. उतारावरचे दगड कुणाच्या मालकीचे असतील, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

"दुसऱ्याचं घर उचलून आणलंस तू," एवढंच ती म्हणाली, आणि त्याच्याशी बोलणं टाकलं.

खडे रातोरात जागेवर नेऊन टाकतो, असं तो म्हणत होता. पण पक्षी परतले की वसाहतीत माणसाने पाऊल टाकायचं नाही, हे पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या ओफेलियानेच सगळ्यांच्या कानीकपाळी ओरडून बसवलेलं. आता स्वतःच कसं मोडणार? मादी कधीही येणार होती. घर दिसलं नाही आणि ती दुसऱ्याकडे गेली, तर सहा उन्हाळ्यांचा संसार मोडला. थांबली तरी, नव्याने खडे जमेपर्यंत अंडी लांबणार, आणि पिल्लांना पोहता येण्याआधी समुद्र गोठणार. अंटार्क्टिकाचा उन्हाळा कुणासाठी थांबतोय! ओफेलिया सहाही वर्षं या जोडीकडे बघत आली होती. तिला ती घरचीच वाटायची, म्हणून तर राग जात नव्हता.

दुसऱ्या दिवशी नराने स्वतःच वाट शोधली. खाली स्वयंपाकघरापर्यंत आला, दारात उभ्या असलेल्या स्वयंपाकीण नेलिदाबाईंच्या पायाजवळचा एक खडा चोचीत धरला आणि चालता झाला. थोड्या वेळाने पुन्हा हजर. तो बुजू नये म्हणून नेलिदाबाईंनी लगेच दाराला कडी घातली. ज्याला जेवायचंय त्याने मागच्या खिडकीतून यावं, असं त्यांनी तळप्रमुखालाही सुनावलं. पोट सुटलेला तो माणूस मुकाट्याने खिडकीतून चढू लागला.

मादी आली तेव्हा नर नेमका खाली होता. जागेवर मूठभर खडे आणि घरधनी गायब. शेजारच्या नराने लगेच संधी साधली. त्याची बाजू भक्कम, खड्यांचा ढीगच होता. त्याने मान खाली घालून लवून स्वागत केलं. मादी तिकडे वळली.

"हाकल ना त्याला," मागून लेआंद्रो पुटपुटला.

"नाही हाकलायचं. तिचं ती ठरवेल."

मादीही शेजाऱ्यापुढे वाकली. ओफेलियाला पुढे बघवेना. तिने दुर्बीण नवऱ्याच्या हातात दिली आणि पाठ फिरवली. त्याने ती डोळ्यांना लावली. मग हसू लागला.

"काय झालं?"

"खडा उचलला तिने. त्याचाच."

तिने दुर्बीण हिसकावली. शेजाऱ्याचा खडा चोचीत धरून मादी तुरुतुरु आपल्या जागेकडे निघाली होती. खालून नर चढत होता, त्याच्याही चोचीत खडा. दोघांनी ते एकमेकांच्या पायाशी टाकले, माना आभाळाकडे केल्या आणि असा काही कल्ला केला की तळावरची माणसं बाहेर आली.

ओफेलियाचा जीव भांड्यात पडला. डोळे वाहायला लागले ते तिने पुसलेही नाहीत.

"चोर आहेत मेले दोघं," ती म्हणाली, आणि नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. "तुझ्यासारखेच."

वर उतारावर शेजारी अजून वाकलेलाच होता.