निवांतरावाची छाती

मित्रांनो, मी एक जुना रबरी माणूस आहे. माणूस म्हणजे अर्धाच. डोके, मान आणि धड. कमरेखाली कारखान्याने मला काही दिलेच नाही. एखाद्याचे हृदय अचानक बंद पडले, तर त्याची छाती कशी दाबायची, हे कॉलेजातली मुले माझ्यावर शिकतात. सदानकदा उताणा पडलेला पाहून पहिल्याच वर्गाने माझे नाव निवांतराव ठेवले. मला ते आवडले.

माझ्या बरगड्यांखाली एक स्प्रिंग आणि एक कळ आहे. छाती पुरेशी खोल दाबली, की आतून ‘टक्’ असा आवाज येतो. त्या आवाजाचा मला कोण गर्व होता! कॉलेजच्या दवाखान्यातल्या सिस्टर मला खेळाच्या हॉलमध्ये चटईवर निजवत. मुले गुडघे टेकून तळहातावर तळहात ठेवत, कोपरे ताठ करत आणि दाबत. आवाज आला नाही, की सिस्टर म्हणत, “अरे, गोंजारतोयस काय त्याला? जोर लाव!”

मग वर्ग बंद पडले. परीक्षा जवळ आली, हॉल मोकळा नाही. कारणांना काय तोटा! माझी रवानगी हॉललगतच्या सामानाच्या खोलीत झाली. दोन वर्षे माझ्यावर फुटबॉलची जाळी पडून होती. कुणीतरी पेनाने मला मिशाही काढल्या. खोटे कशाला बोलू, मी अगदी रडकुंडीला आलो होतो. पण सिस्टर हार मानणाऱ्या नव्हत्या. त्या प्राचार्यांच्या इतक्या मागे लागल्या, की शेवटी त्यांनी हात टेकले आणि वर्ग पुन्हा सुरू झाला. सिस्टरचे हे उपकार मी कसे विसरेन?

त्या वर्गात बास्केटबॉल खेळणारी एक मुलगी होती. सगळे तिला चिमणी म्हणत. अंगाने काडी, पण भलती जिद्दीची. पहिल्या दिवशी तिच्याकडून एकदाही ‘टक्’ झाले नाही आणि मुले फिदीफिदी हसली. दुसऱ्या दिवसापासून ती रोज अर्धा तास आधी येऊन माझ्याशी झटू लागली. चौथ्या दिवशी आवाज आला, तेव्हा तिने माझ्या रबरी गालाचा मुकाच घेतला.

पुढे एका दुपारी हॉलमध्ये बास्केटबॉलचा सामना रंगात आला होता. माझ्या खोलीचे दार उघडेच होते. संघातला सर्वांत उंच मुलगा, ज्याला सगळे शिडी म्हणत, पळता पळता धाडकन कोसळला. चिमणीने त्याचे खांदे हलवून हाका मारल्या. उत्तर नाही. श्वासही धड चालेना; मध्येच एखादी घरघर तेवढी ऐकू येई. “अँब्युलन्स बोलवा! सिस्टरना फोन लावा!” असे ओरडत तिने छाती दाबायला सुरुवात केली.

वीस-पंचवीस वेळा दाबले असेल, आणि ती थांबली.

“टक् होत नाहीये! माझं काहीतरी चुकतंय,” ती शेजारच्या मित्राला म्हणाली. “तू ये ना!”

मित्र घाबरून मागे सरकला.

मित्रांनो, ती अगदी बरोबर दाबत होती. माझ्या आवाजाची सवय लावून मीच तिला फसवले होते. शिडीचा जीव जात होता आणि मला साधे ओरडताही येत नव्हते. त्या दिवसाइतकी लाज मला मिशांचीसुद्धा वाटली नव्हती.

इतक्यात कुणीतरी स्पीकरवर लावलेल्या फोनवरून सिस्टर कडाडल्या, “अगं, ती कळ निवांतरावाच्या छातीत आहे, माणसाच्या नाही! थांबू नकोस. दाब! मी मोजते.”

सिस्टर मोजत राहिल्या, चिमणी दाबत राहिली. ती दमली तेव्हा तोच घाबरलेला मित्र पुढे झाला. मग पुन्हा ती. अँब्युलन्सवाल्यांनी येऊन यंत्राने विजेचे दोन धक्के दिले. “नाडी लागतेय,” त्यांच्यातला एक जण म्हणाला, आणि चिमणी तिथेच जमिनीवर बसून हमसून हमसून रडली.

आता सिस्टर प्रत्येक वर्गात शेवटची फेरी माझी कळ बंद करून घेतात. माझा गर्व गेला, बरेच झाले.

दोन महिन्यांनी शिडीची आई हॉलमध्ये आली. तिने चिमणीला पोटाशी धरले, ते बराच वेळ सोडलेच नाही.

“कुठे शिकलीस गं हे?”

चिमणीने माझ्याकडे बोट दाखवले. आई माझ्यापाशी आली आणि एकदम गुडघे टेकून बसली.

“मलाही शिकव. घरी त्याच्याजवळ मीच असते.”

तिने तळहातावर तळहात ठेवून माझी छाती हलकेच दाबली. इतक्या वर्षांत माझ्यावर हजारो हात पडले, पण इतके जपून कुणी ठेवले नव्हते.

“काकू, अजून जोरात,” चिमणी म्हणाली. “त्याला लागत नाही.”

मित्रांनो, एका अर्ध्या माणसाला याहून जास्त काय मिळायचे? माझे एवढेच मागणे आहे. मला खोलीत कोंडू नका. या, गुडघे टेका, चुका करा. तुमच्या सगळ्या चुका मी आनंदाने पोटात घालीन.