आंबे आहेत तोवर

यमुताईच्या पत्राला महिना होत आला होता आणि गिरिधररावांनी अजून उत्तर पाठवलं नव्हतं. उत्तर द्यायचं नव्हतं असं नाही. द्यावं तरी काय, हेच त्यांना सुचत नव्हतं.

यमुताई त्यांची थोरली बहीण. उमरेडला मुलीकडे राहायची. कानांनी साथ सोडल्यापासून तिचा फोन सुटला होता, त्यामुळे भावाबहिणीचं जे काय बोलणं व्हायचं ते पत्रांतून. हिवाळ्यात तिला केमो घ्यावी लागली होती. ते सगळं पार पडल्यावर तिनं लिहिलं होतं, 'आता तोंडाला चव येऊ लागली आहे. आंबे आहेत तोवर ये. एकटीला रस जात नाही.' खाली भाचीनं, नंदिनीनं, बारीक अक्षरांत जोड दिली होती: 'मामा, आईची ताकद अजून भरून आलेली नाही. येणाऱ्यानं कोरोनाच्या लसीचा बूस्टर घेतलेला असावा असं डॉक्टर म्हणतात. राग मानू नका.'

राग कसला? पोरीचं बरोबरच होतं. घोडं अडलं होतं ते बूस्टरपाशी.

जानेवारीत गिरिधररावांना कोरोना होऊन गेला होता. चार दिवस ताप, मग नुसता थकवा. महिनाअखेर ते उठून बसले. गिरिधररावांचा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेला. महाल भागातल्या त्यांच्या खोलीत टेबलावरच्या काचेखाली वर्तमानपत्रांतली दोन कात्रणं एकाखाली एक सरकवलेली होती. एकात लिहिलं होतं, दुसऱ्या डोसनंतर नऊ महिन्यांनी बूस्टर घ्यावा. दुसऱ्यात, कोरोना होऊन गेला असेल तर बरं झाल्यावर तीन महिने थांबावं. आयुष्यभराच्या सवयीनं त्यांनी ती दोन्ही एका मजकुरासारखी सलग वाचली. आजारानं मागचं सगळं पुसलं, आता आधी तीन महिने आणि त्यापुढे नऊ, असा त्यांनी अर्थ लावला. म्हणजे पुढच्या वर्षीची संक्रांत उलटल्यावर.

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, नुकत्याच आजारातून उठलेल्या बहिणीला 'पुढच्या वर्षी येतो' असं कसं लिहायचं? तीनदा कागद समोर घेतला, तीनदा 'ति. यमुताईस' लिहून पेन खाली ठेवलं. कुणाला विचारावं, तर आपला प्रश्नच बावळटपणाचा असेल अशी धास्ती. लोक म्हणतील, एवढं वाचतो आणि एवढंसं कळत नाही.

मे महिन्याच्या सुरुवातीला खालच्या मजल्यावरचे नानाजी दारात येऊन उभे राहिले.

"काहून गा, कूलरसमोर बसून काय करून राहिला?"

"काही नाही. पत्र लिहीत होतो."

"कोरं दिसते मले तर." नानाजींनी मान लांबवून कागद पाहिला. "यमुताईले ना? तुह्या भाचीचा फोन आला होता माह्या घरी. तू तर उचलत नाही. ताई म्हणे रोज विचारते, पोस्टमन येऊन गेला काय म्हणून."

गिरिधररावांनी ते कोरं आंतर्देशीय पत्र घडी करून खिशात घातलं. ताई वाट पाहत असेल हे त्यांना ठाऊकच होतं. पण ती रोज विचारते, हे त्यांनी मनात आणायचं टाळलं होतं.

"चाल, उठ," नानाजी म्हणाले. "मी बूस्टरले चाललो. सुई पाहिली की माहे पाय लटपटतात. सोबत दे."

लसीकरण शाळेच्या एका वर्गात होतं. लहान मुलांच्या बाकांवर म्हातारी मंडळी गुडघे आवळून बसली होती. नानाजींचं टोचून झालं, आणि डोळे उघडल्या उघडल्या त्यांनी गिरिधररावांकडे बोट दाखवलं.

"डॉक्टरीणबाई, ह्या मानसाचंबी पाहा जरा. याले ना..."

"थांबा नानाजी," गिरिधरराव म्हणाले. आपला आवाज एवढा मोठा निघाला याचं त्यांनाच नवल वाटलं. "मी विचारतो."

डॉक्टर अस्मिता तिशीची मुलगी होती. गिरिधररावांनी अडखळत सगळं सांगितलं: जानेवारीतला आजार, गेल्या मे महिन्यातला दुसरा डोस, तीन आणि नऊ महिन्यांची थेट संक्रांतीपार जाणारी बेरीज, उमरेडची बहीण. मागे रांग खोळंबली होती. त्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"काका, बेरीज नाही करायची," ती म्हणाली. "दोन्ही मुदती एकाच वेळी चालू असतात. डोसला नऊ महिने झाले पाहिजेत आणि आजारातून उठून तीन. तुमचं दोन्ही झालंय. आजच घेता येईल."

"म्हणजे मी उगाचच थांबलो."

"उगाच नाही. आजारानंतर शरीरात काही काळ प्रतिकारशक्ती असतेच. लगेच घेऊन विशेष फायदा झाला नसता."

"मग बहिणीकडे..."

"दोन आठवडे जाऊ द्या. अन् लस घेतली म्हणजे आपल्याकडून कुणाला लागण होणारच नाही, असं समजू नका. ताईंजवळ मास्क लावा, खिडक्या उघड्या ठेवा. सर्दी-ताप असला तर जाऊच नका."

गिरिधररावांनी बाही वर केली.

"संक्रांतीचे आंबे खाणार होता हा," नानाजी मागच्या बाकावरच्या बाईंना सांगत होते. गिरिधरराव हसले. बऱ्याच दिवसांनी.

अर्धा तास बसायला सांगितलं होतं. खिशातलं आंतर्देशीय पत्र त्यांनी बाकावर पसरलं आणि दुखऱ्या हाताखाली दाबून धरलं.

'ति. यमुताईस सा. न. उत्तराला उशीर झाला. मी हिशेब चुकीचा केला होता. आज बूस्टर घेतला. दोन आठवड्यांनी सकाळच्या एसटीनं येतो. रस अंगणात बसून खाऊ, थोडं अंतर ठेवून. नंदिनीला सांग, मास्क आणतो.'

"मुहूर्त काढून राहिला काय? चाल ना," नानाजी म्हणाले.

एवढं ठाम लिहावं का, मधेच काही झालं तर, अशी शंका आलीच. त्यांनी कडेला लिहिलं, 'ताप नसला तरच.' मग त्यापुढे आणखी, 'पण येतो.'

पोस्टासमोरची पेटी उन्हानं तापली होती. त्यांनी पत्र आत सोडलं, आणि ते तळाशी पडल्याचा आवाज येईपर्यंत तिथेच उभे राहिले.